डॉन किखोतेचे एक विशेषण

ग्रंथाचे नाव लोकांच्या तोंडी रुळू लागले की ते आपोआप आखूड होते. सर्व्हांतेसच्या कादंबरीचेही तेच झाले. इंग्रजीच्या वाटेने आलेला ‘डॉन क्विक्झोट’ म्हणा की मूळ स्पॅनिश उच्चाराला जवळचा ‘डॉन किखोते’ म्हणा, आपण नायकाचे नाव घेतो आणि थांबतो. १६०५ साली माद्रिदमध्ये हुआन दे ला कुएस्ता याच्या छापखान्यातून हा ग्रंथ बाहेर पडला तेव्हा त्याच्या मुखपृष्ठावरील नाव मात्र बरेच लांब होते : ‘एल् इन्खेनिओसो इदाल्गो डॉन किखोते दे ला मांचा’. त्यात एक विशेषण आहे, एक सामाजिक दर्जा आहे, एक व्यक्तिनाम आहे आणि एक प्रदेश आहे. जगाने त्यांपैकी व्यक्तिनाम तेवढे ठेवून घेतले. जे गळाले त्यातील पहिले पद, म्हणजे ‘इन्खेनिओसो’ हे विशेषण, प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

एका विशेषणासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात आपल्याला सांगितले जाते की या गृहस्थाचे डोके पुस्तके वाचून वाचून फिरले. ज्याची बुद्धी नष्ट झाली असे लेखक सांगतो, त्यालाच मुखपृष्ठावर तो बुद्धिवाचक विशेषण बहाल करतो. ही थट्टा म्हणावी, की हे सत्य म्हणून समजावे? या प्रश्नाच्या उत्तरावर आपण चारशे वर्षे कोणाला हसत आलो आहोत हे अवलंबून आहे. आपण एका वेड्याला हसत असू, तर ते हसू फार काळ टिकण्यासारखे नाही. पण आपण एका समर्थ बुद्धीच्या भरकटण्याला हसत असू, तर त्या हसण्यात आपल्या स्वतःविषयीची थोडी धास्तीही मिसळलेली असते.

१

प्रथम काही कागदपत्रांकडे पाहू. त्या काळी स्पेनमध्ये पुस्तक छापावयाचे तर राजाची परवानगी लागे आणि छापून झाल्यावर त्याची किंमतही अधिकाऱ्यांकडून ठरवून घ्यावी लागे. हे दोन्ही कागद ग्रंथाच्या आरंभीच छापण्याची रीत होती, म्हणून ते आज आपल्यासमोर आहेत. राजाचा परवाना २६ सप्टेंबर १६०४ चा आहे. किंमत ठरविणारा दाखला त्याच वर्षीच्या २० डिसेंबरचा असून त्यात पुस्तकाचे त्र्याऐंशी ताव, दर तावास साडेतीन माराव्हेदी, अशी एकूण दोनशे साडेनव्वद माराव्हेदी किंमत नमूद केली आहे. हिशेब चोख आहे. पण या दोन्ही कागदांत पुस्तकाचे नाव कसे दिले आहे, हे पाहण्यासारखे आहे. तेथे ते केवळ ‘ला मांचाचा इन्खेनिओसो इदाल्गो’ असे आहे. ‘डॉन किखोते’ हे शब्द त्यात नाहीत.

म्हणजे सरकारी दप्तरात हा ग्रंथ नायकाच्या नावावाचून दाखल झाला आणि त्याची ओळख त्या विशेषणाने पटविली गेली. एक दर्जा, एक प्रदेश आणि त्यांच्या आधी ‘इन्खेनिओसो’, एवढ्यावर भागले. आपल्याला आज जे पद गाळण्यासारखे वाटते, ते या ग्रंथाच्या जन्मकाळी त्याचे मुख्य लक्षण होते.

‘इदाल्गो’ या दुसऱ्या पदाविषयी येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत. गोमंतकीय वाचकांना ‘फिदाल्गो’ हा पोर्तुगीज शब्द इतिहासामुळे परिचित आहे. इदाल्गो हा त्याचाच स्पॅनिश सख्खा भाऊ. दोहोंचा मूळ अर्थ ‘काहीतरी असणाऱ्याचा पुत्र’ असा. पण इदाल्गो म्हणजे कुलीन वर्गातील शेवटची पायरी. त्याला करांतून सूट असे, घराण्याचा अभिमान असे. घरात पैसा असेलच असे नाही. नावामागे ‘डॉन’ लावण्याचा अधिकारही अशा सामान्य इदाल्गोला नव्हता. दुसऱ्या भागाच्या आरंभी सान्चो आपल्या धन्याला गावातील बोलणे ऐकवितो, त्यात हीच तक्रार आहे : चार द्राक्षवेली आणि तुकडाभर जमीन असलेल्या माणसाने स्वतःला ‘डॉन’ म्हणवून घ्यावे, हे इतर इदाल्गोंना खपलेले नाही. तेव्हा मुखपृष्ठावरील ‘इदाल्गो डॉन’ ही जोडी म्हणजे त्या काळच्या वाचकाला पहिल्या ओळीतच दिसणारी विसंगती होती. मग त्यापूर्वीचे ‘इन्खेनिओसो’ हे पदही तसेच तिरकस असेल काय? त्यासाठी शब्दाचा अर्थ पाहावा लागेल.

२

‘इन्खेनिओ’ हे नाम लॅटिन ‘इन्गेनिउम’पासून आले. माणसात जन्मतःच असलेली शक्ती हा त्याचा मूळ अर्थ. काव्याला उपजत शक्ती लागते की अभ्यासाने कमावलेली कला, हा वाद रोमन कवी होरेसच्या काळापासून चालत आलेला आहे, आणि त्या वादात ‘इन्गेनिउम’ हा शब्द उपजत शक्तीच्या बाजूने उभा असतो. आपल्याकडील साहित्यशास्त्राच्या अभ्यासकांना मम्मटाने सांगितलेल्या शक्ती, निपुणता आणि अभ्यास या त्रयीची येथे आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. पोर्तुगीज महाकवी कामोंइश, जो १५५३ साली गोव्यास आला आणि काही काळ तेथे राहिला, त्यानेही १५७२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या महाकाव्याच्या आरंभी ‘एन्जेन्यु’ आणि ‘आर्ती’ या दोन्ही शक्तींच्या साहाय्यावर भिस्त ठेवली आहे. ‘एन्जेन्यु’ म्हणजे हाच शब्द, पोर्तुगीज वेषात.

परंतु इन्खेनिओची व्याप्ती केवळ काव्यप्रतिभेपुरती नव्हती. डॉन किखोतेच्या दोन भागांच्या मध्ये, १६११ साली, सेबास्तियान दे कोव्हार्रुबियास याने कॅस्टिलियन भाषेचा कोश प्रसिद्ध केला. तर्काने जे जे गाठता येते त्याचा शोध घेणारी बुद्धीची नैसर्गिक शक्ती, अशा आशयाची व्याख्या तो करतो. आणि ही शक्ती कोठे कोठे चालते हे सांगताना शास्त्रे, ललित कला आणि हस्तव्यवसाय यांच्या पंगतीला सूक्ष्म युक्त्या, नवे शोध आणि फसवणूक यांनाही बसवितो. यंत्रे रचणाऱ्याला ‘इन्खेनिएरो’ का म्हणतात हेही तो तेथेच सांगतो. ज्याची ही शक्ती तरल आणि सूक्ष्म, तो इन्खेनिओसो.

या शब्दाचा एक पाय असा थेट कारागिराच्या कामठ्यात होता. प्रत्यक्ष यंत्रालाही इन्खेनिओ म्हणत. उसाच्या चरकाला आणि साखरेच्या कारखान्याला अमेरिकेतील स्पॅनिश वसाहतींत हेच नाव पडले. त्याच वेळी नाटककार आणि कवी यांनाही ‘इन्खेनिओ’ म्हणण्याचा प्रघात होता. लोपे दे व्हेगा हा तर ‘इन्खेनिओंमधील फिनिक्स पक्षी’ म्हणून गाजला. सर्व्हांतेसनेही या अर्थी तो शब्द योजला आहे. पहिल्या भागाच्या आठव्या प्रकरणाच्या शेवटी कथा अर्ध्यावर तुटते, तेव्हा निवेदक म्हणतो की ला मांचातील विद्वान लेखक इतके बेपर्वा असतील आणि अशा वीराचे कागद त्यांनी जपून ठेवले नसतील, हे आपल्याला पटत नाही. तेथे लेखकांसाठी शब्द आहे तो ‘इन्खेनिओ’. आणि प्रस्तावनेत तर तो स्वतःच्याच इन्खेनिओला नापीक आणि नीट मशागत न झालेला म्हणतो, आणि अशा बुद्धीला होणारे मूल सुकलेले, सुरकुतलेले आणि लहरीच निपजणार, असे सुचवितो.

हा शेवटचा धागा महत्त्वाचा आहे. लेखक आपल्या बुद्धीसाठी जे नाम वापरतो, त्याच नामापासून झालेले विशेषण तो नायकाला देतो. बाप आणि मूल यांच्यातील साम्य तो असे पहिल्याच पानांत नोंदवून ठेवतो.

३

आता हे विशेषण ग्रंथात नेमके कोठे कोठे येते ते पाहू. पहिल्या भागाच्या अंतर्गत चार खंडांच्या मथळ्यांत ते ग्रंथनामाचा भाग म्हणून येते. ते सोडून देऊ. प्रकरणांच्या शीर्षकांत ते तीन ठिकाणी नायकाला लावलेले आढळते : दुसऱ्या, सहाव्या आणि सोळाव्या प्रकरणात. इतर प्रकरणांत वेगळी विशेषणे आहेत. पहिल्यात तो ‘प्रख्यात’ आहे. पवनचक्क्यांच्या आठव्या आणि कापड कुटणाऱ्या पाणचक्क्यांच्या विसाव्या प्रकरणात तो ‘पराक्रमी’ आहे. सतराव्यात तो ‘शूर’ आहे. ही निवड सहज झाली असेल, असे मानण्यास जागा आहे. पण त्या तीन प्रकरणांत काय घडते हे एकदा शेजारी ठेवून पाहावे.

दुसरे प्रकरण हे नायकाच्या पहिल्या प्रस्थानाचे. अद्याप कोणाशीही झुंज झालेली नाही. एकटाच घोड्यावर बसून तो माळरानातून चालला आहे आणि चालता चालता काय करतो? भविष्यकाळी कोणी ज्ञानी इतिहासकार आपले हे प्रस्थान कोणत्या भाषेत वर्णन करील, याचा मसुदा तो मनातल्या मनात रचतो. सूर्योदय, पक्ष्यांचे कूजन, सारे काही अलंकृत शैलीत. कृती होण्यापूर्वीच तिचा ग्रंथ तयार झालेला आहे. या घटकेला तो योद्धा नसून लेखक आहे.

सहावे प्रकरण हे त्याच्या ग्रंथसंग्रहाच्या झडतीचे. गावचा पाद्री आणि न्हावी त्याची पुस्तके एकेक करून तपासतात आणि बहुतेकांना अग्नीच्या स्वाधीन करतात. शंभराहून अधिक जाडजूड ग्रंथ, शिवाय लहान पुस्तके. या प्रकरणाच्या आरंभी नायक झोपलेला आहे. तो एक शब्दही बोलत नाही. तरी शीर्षकात उल्लेख आहे तो ‘आमच्या इन्खेनिओसो इदाल्गोच्या’ ग्रंथालयाचा. माणूस झोपेत, आणि त्याची बुद्धी कपाटात ओळीने मांडून ठेवलेली! पाद्र्याच्या हाती सर्व्हांतेसची स्वतःची ‘ला गालातेआ’ही लागते, आणि तिच्यात कल्पकता थोडीफार आहे पण ती काही सिद्धीस नेत नाही, अशा अर्थाचा अभिप्राय तो देतो. लेखक आणि नायक पुन्हा एकाच कपाटात भेटतात.

सोळाव्या प्रकरणाचे शीर्षक सर्वांत बोलके आहे. जी खाणावळ किल्ला आहे अशी ‘इन्खेनिओसो इदाल्गो’ कल्पना करीत होता, त्या खाणावळीत त्याच्यावर काय गुदरले, असा त्याचा आशय. विशेषण आणि ‘कल्पना करणे’ हे क्रियापद एकाच वाक्यात आले आहे. रात्रीच्या अंधारात, माळ्यावरील खडबडीत बिछान्यावर पडून, तो किल्लेदाराच्या कन्येचे प्रेम रचतो आणि खाणावळीतील दासीच्या जाड्याभरड्या कपड्याला तलम रेशीम ठरवितो. पुढचे सतरावे प्रकरण त्याच खाणावळीत चालू राहते. पण तेथे आता मारझोड आणि यातना यांचे वर्णन असल्यामुळे शीर्षकातील विशेषण बदलून ‘शूर’ होते. स्थळ तेच, माणूस तोच. मन काम करीत असता एक विशेषण. अंगावर फटके पडू लागताच दुसरे.

यावरून एवढे अनुमान काढता येते की ‘पराक्रमी’ हे विशेषण हाडांचे आहे आणि ‘इन्खेनिओसो’ हे मनाचे. पुस्तक, रचना आणि कल्पना यांचा जेथे संबंध, तेथे लेखकाच्या लेखणीत ते आले आहे. पहिल्या प्रकरणात हा शब्द नायकाला लावलेला नसला तरी त्याचा कारागिरीचा अर्थ तेथे कृतीतून दिसतो. पूर्वजांच्या चिलखताला पुरे शिरस्त्राण नव्हते. या गृहस्थाने पुठ्ठ्याचा अर्धा भाग जोडून ते पुरे केले. तलवारीच्या पहिल्याच घावाने आठवड्याचे काम वाया गेले. मग आतून लोखंडी पट्ट्या बसवून त्याने ते पुन्हा बांधले, आणि या वेळी मात्र परीक्षा न घेताच ते उत्तम ठरविले. हा निव्वळ मूर्खपणा नव्हे. त्याला अपयशाचे कारण कळले, दुरुस्ती साधली, आणि दुसऱ्यांदा परीक्षा घेतल्यास काय होईल हेही बहुधा कळले. म्हणून त्याने ती टाळली. कल्पनेला वास्तवाचा घाव कोठवर द्यावा, हे ठरविणारी बुद्धी तेथे जागी आहे.

४

सर्व्हांतेसच्या काळी ‘इन्खेनिओ’ या विषयावर एक अत्यंत वाचला गेलेला ग्रंथ होता. हुआन उआर्ते दे सान हुआन या वैद्याने तो १५७५ साली बाएसा येथे प्रसिद्ध केला. ‘शास्त्रांसाठी इन्खेनिओंची परीक्षा’ असे त्याचे नाव. कोणत्या मनुष्याने कोणती विद्या शिकावी, हे त्याच्या शरीरप्रकृतीवरून ठरविता येईल, असा उआर्तेचा सिद्धान्त. मेंदूतील उष्णतेने कल्पनाशक्ती वाढते, कोरडेपणाने आकलन तीक्ष्ण होते, ओलाव्याने स्मरण टिकते, अशी त्याची मांडणी होती. धर्मन्यायालयाने ग्रंथावर बंदी घातली आणि १५९४ साली त्याची शुद्ध केलेली आवृत्ती निघाली. त्याच आवृत्तीत त्याने इन्खेनिओ हा शब्द ‘आत प्रसविणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूशी जोडला आहे : बुद्धीही गर्भ धारण करते आणि जन्म देते.

रफाएल सालिल्यास या स्पॅनिश अभ्यासकाने, कादंबरीच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, १९०५ मध्ये, उआर्ते हा सर्व्हांतेसचा मोठा प्रेरक होय असे प्रतिपादन केले; १९५७ साली ओटिस ग्रीन या अमेरिकन विद्वानाने आपल्या विषयाचे हेच विशेषण घेऊन त्याची प्रकृतिशास्त्राच्या अंगाने चिकित्सा केली. सर्व्हांतेस या कादंबरीत उआर्तेचे नाव घेत नाही. तेव्हा हा संबंध अनुमानाचा आहे. पण अनुमानाला आधार भक्कम आहे. नायक पन्नाशीच्या आसपासचा, अंगाने सुका, चेहऱ्याने खप्पड, पहाटे उठणारा. कमी झोप आणि अति वाचन यांमुळे त्याचा मेंदू कोरडा पडला, असे निवेदक सांगतो. ही भाषा वैद्याची आहे. शेवटच्या प्रकरणात सहा दिवसांचा ताप आणि त्यानंतर सहा तासांहून अधिक गाढ झोप झाल्यावर तो शहाणा होऊन उठतो, हेही त्याच भाषेतील उत्तर आहे. ज्या कोरडेपणाने आकलनाला धार येते, तोच मर्यादेबाहेर गेला की माणूस भ्रमतो. त्या काळच्या वैद्यकाच्या दृष्टीने इन्खेनिओसो असणे आणि वेडा होणे या परस्परविरोधी गोष्टी नव्हत्या. त्या एकाच उतारावरील दोन जागा होत्या.

असे मानले म्हणजे मुखपृष्ठावरील विशेषण उपरोधाचे की सत्याचे, हा वाद निराळ्या स्वरूपात दिसू लागतो. ते सत्य आहे, आणि म्हणूनच त्यात उपरोध आहे. ग्रंथातील पात्रांनाही हे वारंवार जाणवते. शस्त्र आणि विद्या यांवरील त्याचे व्याख्यान ऐकून खाणावळीतील मंडळी हळहळतात की एवढ्या चांगल्या समजुतीचा मनुष्य वीरकथांचा विषय निघताच ती समजूत कशी हरवून बसतो. दुसऱ्या भागात डॉन दिएगोचा कवी-पुत्र दिवसभर त्याच्याशी बोलून असा निर्णय देतो की हा वेडा खरा, पण त्याच्या वेडात शहाणपणाचे पट्टे आहेत.

५

१६१४ साली आव्हेल्यानेदा असे टोपणनाव घेतलेल्या कोणा लेखकाने या कथेचा बनावट दुसरा भाग प्रसिद्ध केला. त्याने ‘इन्खेनिओसो इदाल्गो’ ही पदे जशीच्या तशी उचलली. पण त्याच्या हाती फक्त पदे आली. त्याचा नायक शेवटी तोलेदो येथील वेड्यांच्या इस्पितळात जाऊन पडतो. ज्याने नायकाला केवळ वेडा मानले, त्याला दुसरा शेवट सुचणे अवघडच होते.

सर्व्हांतेसने १६१५ साली आपला खरा दुसरा भाग काढला, तेव्हा मुखपृष्ठावर एक फरक केला. ‘इदाल्गो’च्या जागी ‘काबाल्येरो’, म्हणजे विधिपूर्वक दीक्षा घेतलेला सरदार, हे पद आले. पहिल्या भागात एका खाणावळवाल्याने ती दीक्षा दिली होती. तिची आता मुखपृष्ठावर नोंद झाली! दर्जा बदलला, पण विशेषण तेच राहिले.

या दुसऱ्या भागात एक उलटापालट झालेली दिसते. आता भ्रम रचण्याचे काम बहुधा इतर लोक करतात. सान्चो तीन खेडवळ मुलींना राजकन्या म्हणून पुढे करतो, आणि नायकाला मात्र खेडवळ मुलीच दिसतात. ड्यूकच्या वाड्यात फटाके भरलेला लाकडी घोडा येतो. बार्सेलोनात प्रश्नांची उत्तरे देणारे पितळी मस्तक येते, ज्याच्यातून एक नळी खालच्या खोलीत गेलेली आहे. कोव्हार्रुबियासच्या कोशातील यंत्र आणि फसवणूक या दोन्ही अर्थी हे सारे इन्खेनिओचेच खेळ आहेत. पण ते श्रीमंतांच्या करमणुकीसाठी आहेत. स्वतःच्या कल्पनेवर स्वतः विश्वास ठेवून त्यापायी मार खाणारा एकटा डॉन किखोते. इतरांची कल्पकता त्याला फसविते. त्याची कल्पकता मुख्यत्वे त्यालाच महागात पडते.

मग शेवटचे, चौऱ्याहत्तरावे प्रकरण. नायक झोपेतून उठतो आणि सांगतो की मी आता डॉन किखोते नाही. मी अलोन्सो किहानो, ज्याला त्याच्या वर्तणुकीमुळे लोक ‘भला’ म्हणत. तो मृत्युपत्र करतो, वीरकथांचा धिक्कार करतो आणि मरण पावतो. नाव त्याने टाकले, सरदारकीही टाकली. आता निवेदकाने त्याला काय म्हणावे? ‘भला अलोन्सो’ म्हणण्यास काही हरकत नव्हती. पण निवेदक सांगतो की ला मांचाच्या इन्खेनिओसो इदाल्गोचा असा शेवट झाला. आणि त्याचे गाव मुद्दाम सांगितलेले नाही, कारण होमरसाठी ग्रीसची सात नगरे भांडली तशी ला मांचातील सर्व गावांनी त्याला आपला म्हणण्यासाठी भांडावे.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. एक अशी की ‘ला मांचाचा इन्खेनिओसो इदाल्गो’ ही १६०४ च्या परवान्यातील आणि दाखल्यातील शब्दरचना. जे नाव नायकाच्या नावावाचून दप्तरात गेले होते, तेच अकरा वर्षांनी त्याच्या मरणापाशी नायकाच्या नावावाचून परत आले. त्याने ‘डॉन किखोते’ हे नाव त्यागले तरी हे विशेषण त्याच्यापासून काढून घेतले गेले नाही. ते विशेषण वेडाचे असते, तर वेडाबरोबर गेले असते. दुसरी गोष्ट अशी की तुलनेसाठी निवेदकाने अकिलीस घेतला नाही, हेक्टर घेतला नाही. त्याने होमर घेतला. आयुष्यभर योद्धा होऊ पाहणाऱ्या माणसाला अखेरीस पंगत मिळाली ती कवीची.

६

हे विशेषण परभाषांत जाताना त्याचे काय झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. लॅटिनच्या लेकी असलेल्या भाषांना ते सोपे होते. सेझार उदँ याच्या १६१४ च्या फ्रेंच आणि लोरेन्झो फ्रान्चोझीनीच्या १६२२ च्या इटालियन अनुवादात शब्द जवळजवळ तोच राहिला; इटालियनात बिचाऱ्या इदाल्गोचा मात्र ‘नागरिक’ झाला. टॉमस शेल्टनने १६१२ च्या इंग्रजी अनुवादात ‘पराक्रमी आणि तीक्ष्णबुद्धी’ अशी दोन विशेषणे जोडून दिली. मोट्यूच्या १७०० च्या आणि स्मॉलेटच्या १७५५ च्या इंग्रजी अनुवादांत त्या जागी ‘विख्यात’ एवढेच आले, आणि एका परीने नायकाची बुद्धी त्याच्या कीर्तीत बुडाली. मधल्या काळात, १७४२ साली, जार्व्हिसने मूळ शब्दाचे इंग्रजी रूप परत आणले, आणि ऑर्म्सबीने १८८५ मध्ये तेच ठेवले. जर्मन भाषेत लुडविग टीकने ‘तीक्ष्णबुद्धी’ या अर्थाचा शब्द निवडला. २००८ साली सुझान लांगे यांनी ‘चैतन्यपूर्ण बुद्धीचा’ या अर्थाकडे झुकणारा शब्द पसंत केला. दर पिढीला हा प्रश्न नव्याने सोडवावा लागला, याचा अर्थ तो अद्याप जिवंत आहे.

मराठीत काय म्हणावे? ‘बुद्धिमान’ हे फार सपाट आहे. शाळेतील पहिला विद्यार्थीही बुद्धिमान असतो. ‘चतुर’ म्हटले तर व्यवहाराचे शहाणपण आड येते, आणि नेमके तेच या गृहस्थापाशी नाही. ‘प्रतिभावान’ हा शब्द उपजत शक्तीचा अर्थ उत्तम वाहतो; पण आपली प्रतिभा देवघरात बसलेली आहे, तिला पुठ्ठ्याचे शिरस्त्राण चिकटविता येत नाही. उलट ‘हिकमती’ हा अरबी-फारसी वाटेने आलेला शब्द युक्ती, कारागिरी आणि थोडी लबाडी यांना कवेत घेतो, परंतु काव्यापर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. कोव्हार्रुबियासने एका ओळीत बसविलेली मंडळी मराठीत अशी दोन वेगळ्या घरांत राहतात.

माझ्या मते ‘कल्पक’ हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा. कल्पक माणूस नवी युक्ती काढतो, नवी वस्तू घडवितो. आणि त्याच धातूपासून ‘कल्पना’ आणि ‘कल्पित’ हे शब्द झाले आहेत. खाणावळीचा किल्ला करणारे मन आणि शिरस्त्राणाला आतून पट्ट्या ठोकणारा हात, या दोहोंना तो शब्द सामावून घेतो. त्यात वैद्यकातील तो कोरडा दाह नाही, आणि फसवणुकीची छटाही फिकी आहे, हे कबूल केले पाहिजे. पण ‘वेडा सरदार’ या आपल्या रूढ वर्णनापेक्षा ‘ला मांचाचा कल्पक इदाल्गो’ हे वर्णन मूळ ग्रंथाशी पुष्कळच अधिक प्रामाणिक ठरेल.

आपल्यापैकी अनेकांना ही कथा वर्गात सांगण्याचा प्रसंग येतो आणि पवनचक्क्यांपाशी मुले हसतात. त्यांनी हसू नये असे कोण म्हणेल? सर्व्हांतेसलाही तेच हवे होते. मात्र हसणे ओसरल्यावर शिक्षकाने एक प्रश्न विचारावा : ज्याने याचे वेड रचले, त्यानेच याला असे विशेषण का दिले, आणि वेड संपल्यावरही ते परत का घेतले नाही? उत्तर देण्यासाठी मुलांना पुस्तकाच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जावे लागेल. तेवढे जाणे झाले, म्हणजे त्या गाळलेल्या पदाची भरपाई झाली असे म्हणता येईल.